बाविसावी गाठ

मी एक जुना दोर आहे. सुताचा, तीन पदरी, चाळीस हात लांब. बोरी अरबपासून पायी तासाभरावर एक लहानसे गाव आहे. तिथल्या शाळेच्या दुसऱ्या खोलीत, खिडकीशेजारच्या खुंटीला मी टांगलेला असतो. मित्रांनो, कधी त्या खोलीत आलात तर माझ्या अंगावरच्या गाठी मोजून बघा. बहुतेक मुले एकवीसपर्यंत नीट मोजतात आणि मग थबकतात, कारण अगदी शेवटी एक वेडीवाकडी गाठ आहे आणि ती बाकीच्यांच्या ओळीत बसत नाही. ती तिथे कशी आली, हेच मला सांगायचे आहे. दोराला बोलते केले की तो लांबतोच, तेव्हा जरा दमाने घ्या.

माझा जन्म फरदडीच्या कापसातला. हंगाम संपल्यावर झाडाला जी उरलीसुरली बोंडे राहतात, त्यांतून निघणारा हा आखूड धाग्याचा कापूस. बाजारात त्याला कोणी हिंग लावून विचारत नाही. डोमाजींनी तो विकला नाही, घरीच ठेवला. त्यांच्या बायकोने, नंदाबाईंनी, त्याचे सूत काढले. डोमाजींनी ते लाकडी ढेऱ्यावर पिळले आणि अंगणातल्या कडुनिंबाला एक टोक बांधून तीन पदर एकमेकांत वळले. दुसरे टोक नंदाबाई ओढून उभ्या होत्या.

"पीळ सैल नका ठेवू," त्या सारख्या बजावत होत्या. "सैल दोर अन् सैल माणूस, दोघंबी कामाचे नाई."

डोमाजींनी असा काही पीळ घातला की आज इतक्या वर्षांनीही तो सुटलेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, मी तर अजून जळलेलोही नाही. थोडा गर्व आहे मला त्याचा. माणसाला नाकाचा असतो, मला पिळाचा आहे.

सुरुवातीची वर्षे मी कापसाने भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, आवळायला होतो. कापसाचाच दोर कापसाला आवळतो, याची मला मोठी गंमत वाटे. पण माझे खरे काम सुरू झाले ते नाल्यावर. आमचे गाव नाल्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की पोरांची शाळा बुडायची. तेव्हा डोमाजींनी माझ्या अंगावर दीड दीड हातावर एकवीस गाठी मारल्या, कारण त्या साली शाळेत जाणारी पोरे एकवीस होती. प्रत्येकाने आपली गाठ धरायची आणि पलीकडे जाईपर्यंत सोडायची नाही, एवढा एकच नियम. पोरे मला धरून रांगेने पाण्यात उतरत आणि डोमाजी नेहमी खालच्या अंगाने, म्हणजे पाणी ज्या दिशेला वाहते त्या बाजूला, मांडीभर पाण्यात उभे राहत. कोणी घसरलेच तर वाहत त्यांच्याच हातात जावे म्हणून.

मात्र पाण्यात उतरण्याआधी ते एक गोष्ट न चुकता करत. पाण्याला अगदी लागून काठावर एक दगड ठेवत आणि त्यावर चिंधी बांधत. मग विडी ओढत बसत. विडी संपेपर्यंत दगड पाण्यात गेला तर नाला चढतो आहे, म्हणजे पोरांनी घरी जावे. दगड कोरडा राहून पाणी त्याच्यापासून मागे सरले तर उतार पडला. एकदा उतार पडला आणि आभाळ मोकळे असले की दिवसभर काळजी नाही. डोमाजींचा हा दगड कधी खोटा बोलला नाही. अकरा पावसाळे मी पोरे नेली आणि आणली, पण एकही गाठ रिकामी परत आली नाही. गावात लोक म्हणत, पाणी वाचावे तर डोमाजींनी.

मग नाल्यावर पूल झाला. चांगलेच झाले, त्यात रडण्यासारखे काही नव्हते. पण मी गुरांच्या कोठ्यात जाऊन पडलो. आधी माझ्यावर गोधड्या वाळत घातल्या, मग कोंबड्यांनी माझ्या वेटोळ्यात अंडी घातली आणि शेवटी एका उंदराने माझी एक बाजू कुरतडून पाहिली. पीळ घट्ट असल्यामुळे त्याचे दात दमले आणि तो निघून गेला. अशी सहा वर्षे गेली. नंदाबाई वारल्या. डोमाजी कधी कोठ्यात आले की माझ्यावरून हात फिरवत आणि पुन्हा निघून जात.

मला बाहेर काढले ते ममता मॅडमनी. त्या मूळच्या मारेगावच्या, आमच्या शाळेत बदलून आलेल्या. एकदा मॅडम वर्गात नकाशा दाखवत असताना डोमाजींच्या नातीने, उर्वशीने, विचारले, "मॅडम, समुद्राले दुसरा काठ नाई राहत का?" मॅडमनी उत्तर दिले, पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. त्यांचा धाकटा भाऊ संघदीप कोकणात एका बेटावर काम करत असे. त्या बेटाला पाखरबेट म्हणत. ओहोटी लागली की किनाऱ्यापासून बेटापर्यंत वाळूची वाट उघडी पडे, आणि संघदीप लोकांना त्या वाटेने नेऊन बेटावरचा पडका किल्ला, पाखरे आणि खडकातले जीव दाखवी. मॅडमनी ठरवले, पोरांना तिथेच न्यायचे.

गावात एकालाही समुद्र ठाऊक नव्हता. पालक सभेला आले. त्यांतल्या एकाने अट घातली, "डोमाजीबुवा संगं जात असतीन तं आमी पोट्टे धाडतो. नाई तं नाई."

डोमाजी उभे राहिले. "येतो मी. पण माह्या दोराले गाठी एकवीस हायेत. एकवीसच पोट्टे येतीन, बाविसावा नाई. अन् पाण्याची चिंता सोडा. कुठीबी जा, पळसाले पानं तीनच. पाणी ते पाणी."

एकवीस घरांनी त्यांच्या शब्दावर आपली लेकरे दिली. हे लक्षात ठेवा मित्रांनो, कारण पुढे जे झाले त्यात डोमाजींचा हा शब्दच पणाला लागला होता.

एस.टी.च्या गाडीत मी डोमाजींच्या मांडीवर वेटोळे करून बसलो होतो. किती घाट उतरलो, किती गावे मागे पडली ते मला सांगता येणार नाही. एका सकाळी हवा जड झाली, चिकट झाली, माझे धागे फुगल्यासारखे वाटू लागले, आणि मग पुढच्या बाकावरून एकदम ओरडा झाला. समुद्र दिसला होता. एकवीसच्या एकवीस पोरे खिडक्यांना चिकटली. उर्वशी नजरेने पाण्याची कड शोधत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "आबाजी, खरंच दुसरा काठ नाई."

"असंन," डोमाजी म्हणाले. "दिसत नाई म्हंजे नसते असं थोडी हाय."

संघदीप किनाऱ्यावर वाट पाहत होता. उन्हाने रापलेला, अनवाणी, गळ्यात शिट्टी. इतकी वर्षे कोकणात काढूनही बोली त्याने सोडली नव्हती. "या काका! ताईनं लय सांगतलं तुमच्याबद्दल," म्हणत त्याने डोमाजींना नमस्कार केला आणि मग मला हातात घेऊन गाठी चाचपल्या. "हा दोर तं भारी हाय."

मला तो मुलगा तेव्हाच आवडला.

सकाळी दहाला वाळूची वाट उघडी पडली. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून ओली, चकचकीत वाळू. निघण्याआधी संघदीपने सगळ्यांना बसवून सांगितले, की पाणी आणखी दीड तास उतरेल आणि मग फिरेल. एक वाजायच्या आत आपण सगळे परत या किनाऱ्यावर पाहिजे. पोरांनी मान हलवली. डोमाजींनीही हलवली, पण मला त्यांचे हात कळतात. ते ऐकत नव्हते, वाळू पाहत होते.

वाटेत पोरांना माझी गरज पडलीच नाही, तरी सवयीने प्रत्येकाने आपली गाठ धरली होती. बेटाला लागल्यावर तर गाठी सुटल्या आणि प्रश्नांची सरबत्ती सुटली. हे खडकाला पांढरे पांढरे काय चिकटले आहे? कालवे आहेत, शिंपल्यातले जीव, जिवंत आहेत, पाय जपून ठेवा. हा शंख चालतो कसा? शंख नाही चालत, आतला खेकडा चालतो. त्याला स्वतःचे कवच नसते, म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात बिऱ्हाड करतो. मोठा झाला की घर बदलतो. खडकाच्या खळग्यात पाणी साठले होते आणि त्यात फुलासारखे काही उमलले होते. उर्वशीने जवळ बोट नेताच ते फूल मिटले आणि ती किंचाळून मागे पडली. मग पोटभर हसली आणि पुन्हा बोट नेले.

"हात नाई लावायचा," संघदीप म्हणाला. "आपण पाव्हणे हाओत. पाव्हण्यानं घरातल्या मंडळीले छळू नाई."

एका मुलाने काळ्या खडकावर थाप मारली. "सर, हा तं आमच्या नाल्यातलाच दगड हाय!"

संघदीपचा चेहरा फुलला. तो म्हणाला, बरोबर आहे. फार फार पूर्वी जमिनीतून तापलेला रस निघून पसरला आणि निवला, तोच हा दगड. तुमच्या नाल्यातही तोच आणि इथेही तोच. मुलांना इतके बरे वाटले की जणू परमुलखात गावचा माणूस भेटला. आणि डोमाजींना त्याहून बरे वाटले.

"पाह्य, म्हटलं होतं का नाई," ते उर्वशीला म्हणाले. "पळसाले पानं तीनच."

त्यानंतर दोन गट झाले. संघदीप अर्ध्या मुलांना घेऊन वर किल्ल्यात गेला आणि ममता मॅडम बाकीच्यांबरोबर बेटाच्या पलीकडच्या अंगाला, जिथून वाट दिसत नव्हती, त्या खळग्यांपाशी थांबल्या. डोमाजींना मात्र वाटेच्या तोंडाशी बसवले होते. वाळूतून एक टोकदार खडक वर आलेला होता, तो दाखवून संघदीप त्यांना म्हणाला, "काका, त्या खडकाच्या बुडाले पाणी लागलं का ही शिट्टी वाजवा. वारं असलं का पाणी कधी कधी लवकर येते. घड्याळ हाय माह्याजवळ, पण डोळे तुमचे पाह्यजेत."

डोमाजींनी शिट्टी घेतली. मग ते उठले आणि अकरा पावसाळे जे करत आले तेच त्यांनी केले. पाण्याला लागून एक काळा दगड ठेवला, खांद्यावरच्या लाल दुपट्ट्याची चिंधी फाडून त्यावर बांधली आणि विडी पेटवली. विडी संपेपर्यंत पाणी दगडापासून चार हात मागे सरले. दुसरी विडी संपली तेव्हा दहा हात. त्यांनी आभाळाकडे पाहिले. ढगाचे नखही नव्हते.

"उतार पडला," ते स्वतःशीच म्हणाले. "आता संध्याकाळपर्यंत काई चिंता नाई."

मित्रांनो, यात आळस नव्हता, हयगय नव्हती. त्यांच्या नाल्यात एकदा उतरलेले पाणी वर पाऊस झाल्याशिवाय कधी चढले नव्हते. उताराचे पाणी त्याच पावली माघारी फिरते, ही गोष्ट त्यांच्या साठ वर्षांत कुठे बसणारच नव्हती. संघदीपने सांगितले होते, पण सांगणारा पोरगा कालचा आणि दगड जन्माचा. त्यांनी दगडाचे ऐकले. खरे सांगायचे तर मीही दगडाचेच ऐकले असते.

तेवढ्यात उर्वशी वरून धावत आली. "आबाजी, चाला! किल्ल्यात विहीर हाय. समुद्राच्या मधात, अन् पाणी गोडं!"

"काई तरीच सांगतं तू."

"म्या पेऊन पाह्यलं ना!"

खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर. पाणी वाचणारा माणूस हे ऐकून बसून कसा राहील? डोमाजींनी मला खांद्यावर टाकले आणि नातीच्या मागे चढण चढू लागले. टोकदार खडकाकडे त्यांनी पाठ केली.

विहीर खरेच होती. काळ्या दगडात बांधलेली, आत उतरायला पायऱ्या आणि कडेला शेवाळ. संघदीप पोरांना सांगत होता, की पावसाचे गोडे पाणी खडकाच्या फटींतून मुरून साठते आणि हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या वर तरंगून राहते. किल्ल्यातली माणसे दर पावसाळ्यानंतर पाणी मोजत आणि त्या हिशेबाने वर्षभर वापरत. एका पायरीवर त्यांनी कोरलेल्या खुणा अजून होत्या. डोमाजी वाकून त्या खुणांवरून बोट फिरवत राहिले. चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी त्यांच्याचसारखा पाण्याला खूण करत होता, हे पाहून त्यांचे डोळे लकाकले.

"खोल किती असंन?" त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता माझ्या टोकाला एक चपटा दगड बांधून मला आत सोडले. सगळी पोरे काठावर वाकून माझ्या गाठी मोजू लागली. एक, दोन, तीन. नऊ गाठींवर पाणी लागले, अकराव्या गाठीवर तळ. मी समुद्राच्या पोटात बसून गोडे पाणी प्यालो. माझ्या सगळ्या आयुष्यात इतके नवल मला कधी वाटले नव्हते. वर पोरे टाळ्या वाजवत होती आणि मी भिजून दुप्पट जड झालो होतो.

मला वर ओढत असतानाच संघदीपने घड्याळ पाहिले. मग त्याने डोमाजींकडे पाहिले. त्यांना तिथे पाहून त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"काका, तुमी इथं? मंग खाली कोण हाय?"

"कोणी नाई. उतार पडला ना बाबू. म्या दगड ठेवून पाह्यलं."

 संघदीपने पोरांना आणि पलीकडच्या ममता मॅडमना हाका मारल्या आणि सगळे खाली वाटेच्या तोंडाशी आले. साडेबारा वाजले होते. वाऱ्याने पाणी लवकर ओढून आणले होते. टोकदार खडक निम्मा बुडालेला. वाळूची वाट दिसत नव्हती, तिच्या जागी नुसती हलणारी चमक होती. डोमाजी आपला दगड शोधू लागले. जिथे तो ठेवला होता तिथे पाणी होते, आणि पाण्याखाली लाल चिंधी हलताना दिसत होती.

त्यांनी आभाळाकडे पाहिले. ते अजूनही कोरडे ठणठणीत होते. "पाऊस नाई, ढग नाई," ते पुटपुटले, "मंग हे पाणी आलं कुठून?"

त्या क्षणी त्यांनी मला खांद्यावरच दोन्ही हातांनी घट्ट धरले.  एकवीस घरे त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असणार.

संघदीप एकटा पाण्यात उतरला, निम्म्या वाटेपर्यंत जाऊन परत आला. पाणी त्याच्या गुडघ्याच्या खाली होते. तो शांतपणे ममता मॅडमना म्हणाला, "ताई, आता निघालो तं जमते. धा मिनिटांनी नाई जमणार. तेव्हा मंग रात्रीच्या ओहोटीपर्यंत इथंच बसू, गोडं पाणी हायच. पण आता घाई नाई अन् भेव बी नाई. वाटेत माह्या गुडघ्याच्या वर गेलं का तिथूनच मागं फिरू."

मॅडमनी मुलांकडे पाहिले आणि मान हलवली. संघदीपने माझे एक टोक आपल्या कमरेला बांधले. पोरांनी न सांगता आपापली गाठ धरली. मॅडम मधोमध, लहान मुलांजवळ उभ्या राहिल्या. सर्वांत मागे, एकविसाव्या गाठीवर, उर्वशी होती.

डोमाजी सवयीने पुढे झाले. "मी खालच्या अंगानं उभा राह्यतो," ते म्हणाले आणि पाण्यात शिरले. चार पावले गेले आणि थांबले. डावीकडून लाट आली आणि त्यांच्या पोटऱ्यांवर आदळली. ते डावीकडे वळले, तर उजवीकडून दुसरी आली. दोन्ही लाटा मधोमध येऊन एकमेकींना भिडत होत्या. डोमाजी एकदा इकडे पाहत, एकदा तिकडे पाहत. ज्या माणसाने अकरा पावसाळे आपली जागा एकदाही चुकवली नव्हती, त्याला कुठे उभे राहावे ते कळेना.

"बाबू," ते हाक मारून म्हणाले, "इथं खालचं अंग कोणतं?"

"खालचं अंग नाईच काका इथं. समुद्र हाय हा."

डोमाजी मागे आले. माझे शेवटचे टोक मोकळेच लोंबत होते. त्यांनी ते हातात घेतले आणि त्याला एक गाठ मारली. मी भिजून फुगलो होतो, त्यामुळे गाठ वेडीवाकडी बसली.

"मंग मी कुठी राहू?" त्यांनी विचारले.

मित्रांनो, पाण्याबद्दल त्यांनी कोणाला काही विचारलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

"रांगेत," संघदीप म्हणाला. "गाठ धरा काका."

आम्ही निघालो. पाणी उबदार होते, पण त्याला ओढ होती. लाट मागे सरताना पायाखालची वाळू घेऊन जाई. लहान मुलांच्या मांड्यांना पाणी लागू लागले. कोणी रडले नाही. पुढून संघदीपचा आवाज येत होता, "एक पाऊल, थांबा. आता दुसरं." निम्मी वाट झाली, मग पाऊण. संघदीप वाळूच्या उंचवट्यावर चढला आणि त्याचे पाय घोट्यापर्यंत उघडे पडले. आणि त्याच वेळी मागे डोमाजींच्या पायाखालची वाळू निसटली.

नाल्याच्या तळाला दगड असतो, तो पायाला दगा देत नाही. डोमाजींनी दगडावर टाकतात तसा भार टाकला आणि ते खड्ड्यात बसले. लाट त्यांच्या खांद्यावरून गेली. मला असा हिसका बसला की उंदराने कुरतडलेल्या जागी दोन धागे तटकन तुटले.

"आबाजी!" उर्वशी ओरडली. आणि मग ती जे ओरडली ते तिचे नव्हते, डोमाजींचेच होते. "गाठ सोडायची नाई!"

सगळ्या रांगेने ते उचलले. "गाठ सोडायची नाई! गाठ सोडायची नाई!" एकवीस पोरांनी एकवीस गाठी दोन्ही हातांनी आवळल्या आणि टाचा रोवल्या. मॅडमनी कंबर कसून ओढ घेतली. नंदाबाईंनी धरून ठेवलेला पीळ त्या वेळी माझ्या कामी आला. मी ताठ झालो आणि तुटलो नाही. दुसऱ्या टोकाला डोमाजींनीही आपली वेडीवाकडी गाठ सोडली नव्हती. पोरांनी त्यांना ओढून उभे केले, आणि ती सगळी रांग ठेचकाळत, खोकत, खारट पाणी थुंकत किनाऱ्याला लागली.

वाळूवर बसल्यावर डोमाजींनी सगळ्यात आधी माझ्या गाठी मोजल्या. प्रत्येक गाठीवर एकेक पोर होते. एकवीस. मग आपल्या हातातल्या गाठीकडे ते कितीतरी वेळ पाहत राहिले. उर्वशी त्यांच्या मांडीवर डोके ठेवून पडली होती आणि तिचे केस ते दुपट्ट्याने पुसत होते. ते रडत होते, पण सगळेच ओले असल्यामुळे ते कोणाला कळले नाही. मला कळले.

दुसऱ्या दिवशी गाडी दुपारी निघायची होती. डोमाजी सकाळीच किनाऱ्यावर जाऊन बसले, खिशात चिंध्या घेऊन. पाणी सरकेल तसा ते एक एक दगड ठेवत गेले. उर्वशी आणि मी सोबत होतो. दगडांची रांग वाट संपेपर्यंत गेली. मग पाणी थांबले, थोडा वेळ जागच्या जागी डुलले आणि फिरले. पहिला दगड बुडाला, दुसरा बुडाला. डोमाजी लहान मुलासारखे उकिडवे बसून पाहत होते.

"काल याच्या आधी फिरलं होतं," ते म्हणाले.

"रोज पाऊण-एक तास उशीर होते काका," मागून येऊन संघदीप म्हणाला. "चंद्राच्या मागं मागं चालते ते."

डोमाजींनी विचार केला. "चंद्र तं आपल्या गावातबी हाय. मंग आपला नाला काहून नाई चढत?"

संघदीप हसला आणि त्यांच्या शेजारी वाळूवर बसला. त्याने काय सांगितले ते सगळे मला समजले नाही, पण डोमाजी गाडी निघेपर्यंत विचारत राहिले.

गावात परतल्यावर चावडीपुढे सगळे जमले. ममता मॅडम म्हणाल्या, प्रवास छान झाला, मुले खूप शिकली. हे खोटे नव्हते. लोक डोमाजींना म्हणाले, तुम्ही होतात म्हणून चिंता नव्हती. डोमाजींना गप्प राहता आले असते. ते उठले, मला खांद्यावरून काढले आणि शेवटची गाठ सगळ्यांसमोर धरली.

"चूक माही झाली," ते म्हणाले. "मले शिट्टी देऊन बसवलं होतं. मी उठून गेलो. मले वाटलं, पाणी मले समजते. नाल्याचं समजते, समुद्राचं नाई. तुमच्या पोट्ट्याइनं मले वढून काढलं." आणि मग थांबून म्हणाले, "पुढच्या साली पुन्हा धाडा त्याईले. मले नका धाडू वाटल्यास. पण पोट्ट्याइले धाडा."

 मग सभेत आधी ज्याने अट घातली होती तोच माणूस म्हणाला, "पुढच्या सालीबी तुमीच जा बुवा. आता तुमाले दोन पाणी समजतात."

आज डोमाजी बरेच थकले आहेत, तरी महिन्यातून एका शनिवारी ते मला खुंटीवरून काढतात आणि मुलांना नाल्यावर नेतात. खेकडे दाखवतात, काळा दगड दाखवतात, दगड आणि चिंधी ठेवायला शिकवतात, आणि हा दगड कुठे चालत नाही तेही सांगतात. माझ्या अंगात समुद्राचे मीठ मुरले आहे. हवा दमट झाली की मी खुंटीवरच ओलसर होतो. शाळा सुटली की मुले मला हात लावून बघतात आणि उद्या छत्री आणायची का ते ठरवतात. या कामाचाही मला थोडा गर्व आहे.

गेल्या महिन्यात शाळेत नवा हिरवा नायलॉनचा दोर आला. चांगला आहे बिचारा, पण त्याच्या अंगावर गाठ ठरत नाही. यंदाच शाळेत आलेल्या एका मुलीने मला आवरताना शेवटची गाठ पाहिली आणि ती चुकून पडली असे समजून नखांनी सोडवू लागली. डोमाजी दारातच होते. त्यांनी तिचा हात हळूच धरला.

"असू दे माय," ते म्हणाले. "ती माही हाय."

मित्रांनो, मला आता फार वर्षे उरलेली नाहीत. मला जमिनीवर टाकू नका, उंदरांपासून जपा, भिजलो तर सावलीत वाळवा. आणि कधी मी अगदीच झिजलो, टाकून द्यायची वेळ आली, तर माझ्या एकवीस गाठी खुशाल सोडा. त्या तुमच्यासारख्या मुलांच्या आहेत, नव्या दोराला पुन्हा मारता येतील. पण बाविसावी तेवढी कापून जपून ठेवा. ती साठ वर्षांच्या माणसाने पाण्याच्या काठावर, "मी कुठी राहू?" असे पहिल्यांदाच विचारताना मारली होती.